नाकावरची पुळी फोडली तर संसर्ग मेंदूपर्यंत जातो, हे खरं आहे का?

खरं आहे, पण फार म्हणजे फार विरळा. तुम्ही लिहिलंय की भाचीने नाकाच्या शेंड्यावरची पुळी नखाने फोडली, दोन दिवस झाले, जागा लाल आहे, ताप नाही, आणि घरात कुणीतरी "मेंदूत गाठ होते" म्हणाल्यापासून कुणाला झोप नाही. आधी जरा शांत व्हा. असल्या पुळ्या लोक रोज फोडतात आणि जवळजवळ कुणालाच हे होत नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या भावाला मात्र झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात मेडिकल चालवतो. दादा केळी लावतो. २०१९ चा मे महिना, केळीची कापणी चालू, ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. दादाच्या उजव्या नाकपुडीत केसतोड झाला. त्याने पिनेने तो टोचला आणि केस उपटून काढला. आई म्हणाली, "उष्णता शे ती, निंघी जाई." आमच्याकडे उन्हाळ्यातला प्रत्येक फोड उष्णतेचाच असतो. दादाला सहा वर्षांपासून शुगर, गोळी आठवली तर घ्यायची, नाही तर राहिली. दुसऱ्या दिवशी वरचा ओठ सुजला, तेव्हा तो माझ्या दुकानात आला. मी लावायला मलम दिलं आणि दुखण्याची गोळी दिली. शुगर किती आहे, हे विचारलंही नाही.

बुधवारी हुडहुडी भरून ताप आला. डोकं दुखत होतं, पण नेहमीसारखं नाही, उजव्या डोळ्याच्या मागे कुणीतरी आतून दाबतंय असं. गुरुवारी सकाळी उजवा डोळा सुजून बंद. मला वाटलं, डोळे आले. गावात साथही होती. मी काउंटरवरून थेंब काढून दिले. एक अख्खा दिवस त्या थेंबांत गेला, आणि तो दिवस मी दवडला.

डोळे येणं आणि हे, यातला फरक नंतर मला एका डॉक्टरांनी समजावला. तो मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. डोळे आले की चिपडं धरतात, खाज सुटते, पाणी गळतं, पण बुबुळ सगळीकडे फिरतं आणि चिपडं पुसली की नीट दिसतं. दादाचा डोळा खोबणीतून पुढे आल्यासारखा दिसत होता, पांढऱ्या भागावर पाणी भरल्यासारखी सूज होती, आणि बोट उजवीकडे नेलं तर डावा डोळा जायचा, उजवा मध्येच थांबायचा. शुक्रवारी पहाटे तो म्हणाला, "भाऊ, माले एकना दोन दखाई ऱ्हायनात," म्हणजे मला एकाचे दोन दिसतायत. दिवसभरात डाव्या डोळ्याची पापणीही सुजायला लागली. ते पाहिल्यावर चोपड्याच्या डॉक्टरांनी तपासायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता जळगाव.

तापीचा पूल ओलांडताना दादा गाडीत बडबडत होता, ते अर्धं आम्हाला समजत नव्हतं.

एमआरआय आणि त्यासोबत शिरांची वेनोग्राफी झाली. निदान निघालं कॅव्हर्नस सायनस थ्रॉम्बोसिस. नावातल्या सायनसमुळे घोटाळा होतो. सर्दीत गच्च होतो तो सायनस म्हणजे हाडातली हवेची पोकळी. हा सायनस म्हणजे अशुद्ध रक्ताची खोली, मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना एकेक. डोळ्यांकडून आणि चेहऱ्याच्या वरच्या भागातून येणारं रक्त तिथून जातं. नाकाच्या कडेची शीर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी जाते आणि तिथून खोबणीतल्या शिरांना मिळते. पायांतल्या शिरांत झडपा असतात, त्या रक्ताला मागे येऊ देत नाहीत. चेहऱ्याच्या या वाटेवर तशी खात्रीची अडवणूक नाही, रक्त उलटंही जाऊ शकतं. म्हणून ओठाचे दोन कोपरे आणि दोन भुवयांमधली नाकाची मुळी, एवढ्या त्रिकोणाला डॉक्टर धोक्याचा त्रिकोण म्हणतात. तिथला पू दाबला तर थोडा बाहेर येतो आणि थोडा आत ढकलला जातो. जंतू त्या खोलीत पोचले की रक्त तिथेच गोठतं, आणि त्या गुठळीत जंतू वाढत राहतात.

त्याच खोलीतून मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस तिच्या अगदी शेजारून, रक्ताच्या मधोमध जाते. डोळा हलवणाऱ्या बाकीच्या नसा आणि कपाळाची संवेदना नेणारी नस भिंतीत असतात. म्हणून आधी सहावी नस जाते आणि एकाचे दोन दिसतात. मग पापणी पडते, कपाळावर कापूस फिरवला तरी कळत नाही. दोन्ही खोल्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे एक-दोन दिवसांत दुसरा डोळाही धरतो. दुसरा डोळा सुजला की बहुतेक शंका उरत नाही, पण तेवढी वाट पाहायचीच नसते.

दादाची शुगर ३८० च्या वर निघाली. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू वाढला. या आजारात तोच जंतू सगळ्यात जास्त सापडतो, आणि तो कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात एरवीही राहत असतो. कल्चर येण्याआधीच व्हॅन्कोमायसिन, सेफट्रायझोन आणि मेट्रोनिडॅझोल ही जंतू मारणारी औषधं शिरेतून सुरू केली होती. व्हॅन्कोमायसिन निदान तासभर लावून सावकाश द्यावं लागतं, घाई केली तर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते. किडनीवर लक्ष ठेवायला मधूनमधून रक्त तपासत. रक्त पातळ करणारं हेपरिन द्यायचं की नाही, यावर डॉक्टरांतच दोन मतं असतात. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही बाजू समोर ठेवल्या आणि मग दिलं. सव्वीस दिवस सलाईन चालू होतं. पेनिसिलिन येण्याआधी या आजारातून जवळजवळ कुणी वाचत नसे. आजही २० ते ३० टक्के रुग्ण दगावतात असं पुस्तकांत लिहिलेलं असतं, आणि वाचतात त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यात कायमचं काहीतरी राहतं.

फोड हे एकच कारण नाही, हेही माहीत असू द्या. नाकामागच्या खोल सायनसचा जुना पू, वरच्या दाढेची सडलेली मुळं, यांतूनही हेच होतं. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, रुग्ण वाढले, तेव्हा अ‍ॅम्फोटेरिसिन बीच्या इंजेक्शनसाठी माझ्याकडे लोक हात जोडून यायचे आणि माझ्याकडे ते नसायचं. कोरोना, स्टिरॉइड आणि वाढलेली शुगर यांच्या जोरावर ती बुरशी नाकातून डोळ्यात आणि डोळ्यामागून याच खोलीत शिरायची. त्या दिवसांत "गाल बधिर झालाय" असं कुणी म्हणालं की मी कसलीही गोळी न देता थेट जळगावला पाठवायचो. दादाच्या वेळी एवढं कळतं तर!

दादा वाचला. समोर बघताना त्याला आता एकच दिसतं, पण उजवीकडे नजर नेली की अजून दोन होतात, म्हणून तो डोळ्यांऐवजी अख्खी मान वळवतो. केळीचं वजन होतं तेव्हा काट्यावरचा आकडा तो उजव्या डोळ्यावर तळहात धरून वाचतो. रात्री मोटरसायकल चालवत नाही.

आता भाचीचं. पुन्हा दाबू देऊ नका, पिन नको, चुना-हळदीचा लेपही नको. कोमट पाण्यात स्वच्छ कापड पिळून दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं शेका. आज रात्री आणि उद्या सकाळी थर्मामीटरने ताप मोजा, नुसता हात लावून नाही. लाली पसरली, ओठ किंवा गाल सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तिला शुगर असेल किंवा ती स्टिरॉइड घेत असेल तर आजच दाखवा. आणि ताप, डोळ्यामागे दुखणं, पापणीला सूज, दोन-दोन दिसणं यांपैकी काहीही दिसलं, तर मेडिकलवाल्याकडे थेंब मागायला थांबू नका, रात्र असली तरी एमआरआय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथे पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की नाकावर पुळी होती आणि ती फोडली होती. जळगावला आम्ही ते सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी नाकपुडीत टॉर्च मारून खपली पाहिली, आणि मग विचारलं.