अमेरिकेत मुलांसाठी कोर्टात ‘कासा’ (CASA, म्हणजे छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलाच्या हिताची बाजू मांडायला कोर्टाने नेमलेला) स्वयंसेवक व्हायला वकिलीची पदवी लागते का? काम नेमकं काय असतं?

पदवी अजिबात लागत नाही. १९७७ साली सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी ही पद्धत सुरू केली तीच सामान्य नागरिकांच्या भरवशावर. सहसा वय २१ पूर्ण हवं. मुलाखत, पार्श्वभूमी तपासणी आणि साधारण ३० तासांचं प्रशिक्षण झालं की न्यायाधीश शपथ देतात. पुढे दरवर्षी १२ तासांचं प्रशिक्षण असतं.

एका वेळी एक-दोनच प्रकरणं मिळतात. महिन्यातून निदान एकदा मुलाला प्रत्यक्ष भेटायचं, शिक्षक, डॉक्टर, आईवडील, सांभाळणारं कुटुंब यांच्याशी बोलायचं, कागदपत्रं वाचायची आणि सुनावणीआधी कोर्टाला लेखी अहवाल द्यायचा. खरी मेख या अहवालात आहे. ‘घर अस्वच्छ होतं, आई बेफिकीर वाटली’ असं लिहिलं की समोरचा वकील ते दोन मिनिटांत उडवून लावतो. ‘१२ तारखेला संध्याकाळी ५ वाजता गेले, मुलाच्या खोलीत गादी नव्हती, तो जमिनीवर झोपतो असं त्याने सांगितलं’ हे टिकतं. पाहिलेलं, ऐकलेलं आणि तुमचं मत वेगवेगळं लिहा.

मुलाला घरी आणणं, पैसे देणं चालत नाही (आपल्याकडच्या मायाळू मावशांना हे फार जड जातं!). ‘तुला आईकडे नक्की पाठवतील’ असं वचनही देऊ नका, निर्णय न्यायाधीशांचा असतो.

प्रकरण वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. मध्येच सोडावं लागेल असं वाटत असेल तर आत्ता अर्ज करू नका.