मधुमालती लावायची घाई नको

ताई, रोप आणलंत ते छान झालं, पण आत्ता भर मे महिन्यात जमिनीत लावू नका. आपल्या नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सोसायला मुळं रुजलेली लागतात. पिशवीतच सावलीत सांभाळा, सकाळी लवकर पाणी द्या आणि जूनमध्ये पाऊस लागला की लावा.

खरी मेख मातीत आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी धरून बसते. माझी पहिली वेल ऐन श्रावणात मुळं कुजून गेली, फार जीव लावला होता तिला. तेव्हापासून मी खड्डा दीड फूट खोल घेते. त्यात निम्मी माती, उरलेल्या निम्म्यात रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडीच हवी असेल तर १८ इंची घ्या.

युरिया टाकू नका, नुसती पानं माजतात. ऊन पाच-सहा तास हवंच.

फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून फेब्रुवारीत छाटताना हात आखडू नका. पानं गळली तरी त्यांचे देठ फांदीवर काट्यासारखे टणक होऊन राहतात, तेव्हा हातमोजे घाला.

फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, मग गुलाबी, मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग! अंधार पडला की वास दरवळतो, म्हणून खिडकीशेजारी चढवा. फक्त कूलरपासून लांब, नाहीतर एका पावसाळ्यात जाळ्या झाकून टाकेल.