थंडी म्हणून खुराडं बंद केलं आणि कोंबड्या शिंकायला लागल्या

प्रश्न : आमचं गाव पाचगणीच्या जवळ आहे. परसात ८ गावठी कोंबड्या आहेत. मागच्या थंडीत काळजी वाटली म्हणून सगळं खुराडं प्लॅस्टिकच्या कागदानं गुंडाळलं, एक फट ठेवली नाही, तरी सकाळी दार उघडलं की पत्र्याला आतून पाणी सुटलेलं असायचं आणि कोंबड्या घुरघुरायच्या, शिंकायच्या. दोन गेल्या. अंडीपण बंद. आता नवीन खुराडं बांधतोय. रात्री आत शेगडी ठेवली तर चालेल का?
– एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी शेगडीचं सांगतो, अजिबात ठेवू नका. बंद जागेत कोळशाचा धूर जीव घेतो, आणि खाली तूस-भुसा असतो, एक ठिणगी पुरे. मोठ्या कोंबडीला शेकाची गरजच नसते हो, तिचं अंग ४१ डिग्रीच्या आसपास गरम असतं आणि पिसं फुगवून बसली की तीच तिची गोधडी. शेक लागतो तो पिल्लांना, पहिल्या आठवड्यात ३५ डिग्रीच्या आसपास आणि मग दर आठवड्याला ३-३ डिग्री कमी करत जायचं.

तुमच्या कोंबड्यांना त्रास झाला तो मला थंडीपेक्षा ओलीचा वाटतो. ८ कोंबड्या रात्रभर श्वास सोडणार, विष्ठा टाकणार, विष्ठेत तर बरंचसं पाणीच, ती वाफ वर जाऊन गार पत्र्याला लागते आणि थेंब होऊन परत त्यांच्याच अंगावर पडते. वर विष्ठेचा अमोनिया कोंडतो, त्यानं डोळे आणि श्वासनळी खराब होते. बर्फ पडतो त्या देशांतसुद्धा तुरा गारठून काळा पडतो त्यात ओलीचा हात मोठा असतो. पहाटे दार उघडल्या उघडल्या खाली बसा, कोंबडीच्या उंचीला नाक न्या. डोळे चुरचुरले तर हवा कमी पडतेय.

म्हणून नवीन बांधताना वारा अडवा पण हवा अडवू नका. पत्र्याच्या खाली, दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची जाळीची पट्टी सोडा, ती वर्षभर उघडीच राहू दे, आणि बसायची दांडी तिच्यापेक्षा बरीच खाली घ्या म्हणजे झोत अंगावर येत नाही. आपल्याकडं पावसाळ्यात झड पश्चिमेकडनं येते, तर ती भिंत वरची पट्टी सोडून पूर्ण भरा आणि पत्रा हातभर पुढं काढा. थंडीतलं वारं पूर्वेकडनं असतं, तिकडं जाळी ठेवून रात्री फक्त खालच्या अर्ध्या भागावर बारदान सोडायचं, सकाळी वर गुंडाळायचं, कोवळं ऊन आत आलं पाहिजे.

जागा एका कोंबडीला ४ चौरस फूट धरा, म्हणजे तुमचं ८ बाय ४ चं होईल. जमिनीपासून दीड-दोन फूट उचलून घ्या. दांडीला लोखंडी पाइप नको, तो गारठतो, लाकडाची चपटी पट्टी घ्या ३-४ इंच रुंद, म्हणजे कोंबडी बसल्यावर बोटं पोटाखाली झाकली जातात. खाली भाताचं तूस ४ ते ६ इंच, रोज हातानं उकरून उलटंपालटं करा, ओला गोळा दिसला की काढून टाका. पाण्याचं भांडं रात्री बाहेर.

अंड्यांचं म्हणाल तर आजारी कोंबडी अंडी देत नाहीच, पण डिसेंबरात आपल्याकडं दिवस ११ तासांचा असतो आणि अंड्याला साधारण १४ तास उजेड लागतो. पहाटे ३ तास साधा एलईडी लावला तरी चालतं, पण मला विचाराल तर गावठीला तेवढे दिवस विश्रांती घेऊ द्या.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेशच घ्या, नेहमीची पातळ कोंबडीजाळी मुंगूस आणि रानमांजर फाडतं. आणि राहिलेल्यांतली एखादी अजून घुरघुरत असेल तर आजच वेगळी ठेवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, ती बरी झाल्याशिवाय नवीन खुराड्यात घालू नका.