पीसीओएस आहे, भरपूर इंजेक्शनं टाळायची आहेत. बीजं लॅबमध्ये पिकवता येतात का?

हो, येतात. या पद्धतीला आयव्हीएम म्हणतात आणि तिचा सर्वात जास्त उपयोग पीसीओएसवाल्यांनाच. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये आठ-दहा दिवस इंजेक्शनं देऊन बीजं अंडाशयातच पिकवतात. पीसीओएसमध्ये त्याने ओएचएसएस (अंडाशयं गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होण्याचा त्रास) होऊ शकतो: पोटात पाणी साठतं, रक्त घट्ट होतं. आयव्हीएममध्ये इंजेक्शनं एक तर नसतात, नाहीतर दोन-तीन दिवसच.

साधारण २ ते १० मिलिमीटरच्या फॉलिकलमधून (अंडाशयातली, बीज असलेली पाण्याची पिशवी) कच्ची बीजं बारीक सुईने, कमी दाबाने ओढतात. दाब वाढला की भोवतीच्या क्युम्युलस पेशी निसटतात आणि त्यांच्याशिवाय बीज नीट पिकत नाही. मग एफएसएच (बीज वाढवणारं संप्रेरक) घातलेल्या माध्यमात, ३७ अंशांवर, २४ ते ४८ तास ठेवतात. नंतर त्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात; कवचाच्या आत, कडेला छोटा गोल ध्रुवपिंड (पिकताना बीजाने बाहेर टाकलेली बारीक पेशी) दिसला तरच बीज पिकलं. फलन बहुधा इक्सीने, म्हणजे एकच शुक्रजंतू सुईने बीजात सोडून करतात.

खरी अडचण वेगळीच आहे. फॉलिकलबाहेर पडताच बीजातलं सायक्लिक एएमपी (केंद्रकाला थोपवून धरणारा रेणू) उतरतं, केंद्रक घाईने पुढे जातं आणि पेशीद्रव्य मागे राहतं. बीज दिसायला पक्कं, पण गर्भ मध्येच वाढायचा थांबतो. म्हणून कापा-आयव्हीएम या दोन टप्प्यांच्या पद्धतीत आधी सुमारे २४ तास सीएनपी हे छोटं प्रथिन देऊन केंद्रक रोखतात, मग एफएसएच आणि ॲम्फिरेग्युलिन (बीज पिकायला मदत करणारं प्रथिन) यांच्यात ३० तास ठेवतात.

एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक) कमी असेल तर माझ्या मते यात पडू नका, बीजंच थोडी मिळतात. आणि गर्भ गोठवून पुढच्या पाळीत सोडणार का, हे आधी विचारा. त्याच महिन्यात गर्भाशयाचं अस्तर बऱ्याचदा पातळ असतं.