गोव्यातल्या पर्र्याचा दुतर्फा माडांचा रस्ता बघायला कधी जावं? फोटोला पैसे पडतात का?

सकाळी साडेसातच्या आत जा. म्हापशाहून कळंगुटला जाताना लागतो, कोणीही दाखवील. पैशांचं म्हणाल, तर २०१९ साली पंचायतीनं फोटो-व्हिडिओला कर लावला होता, १०० ते ५०० रुपये. ओरड झाली, गुंडाळला. माझ्या मते ठेवायला हवा होता, आणि आमच्या भावोजींकडून दुप्पट घ्यायला हवा होता.

भावोजी पुण्याचे. २०१६ च्या नाताळात आले. सिनेमात तो रस्ता दिसून महिना झाला होता, तेव्हा तिथं जाणं आलंच. भाड्याची गाडी थेट माडाखाली लावली आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे. वर पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, चढलेला. तो ओरडतोय, ‘पयस राव! पयस राव!’, म्हणजे लांब राहा. यांना वाटलं, कौतुक चाललंय. नारळ बॉनेटवर आला. मग हे त्या पाडेल्याकडेच भरपाई मागायला लागले, का तर रस्ता सार्वजनिक. खाली नारळ गोळा करणारी म्हातारी म्हणाली, ‘रस्तो सगळ्यांचो, माड भाटकाराचे.’ भाटकार म्हणजे बागेचा मालक. एवढ्यावर मिटायला हवं होतं.

जेवताना पुन्हा तेच. ‘माड झाडच नाही हो, तुमच्याच सरकारनं कायद्यातून काढलाय.’ खरंच होतं ते. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यातून २०१६ मध्येच माड वगळला होता, म्हणजे तोडायला परवानगीची कटकट नको. बाबांनी चाळीस माड कळशीनं पाणी घालून वाढवलेले. ते काही बोलले नाहीत, ताट तसंच ठेवून उठले. आमच्याकडे हुमण, म्हणजे माशांची आमटी, टाकून कोणी उठत नाही.

२०१७ मध्ये माड परत झाड झाला. बातमीचं कात्रण मी भावोजींना पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर अजून नाही. पुण्याच्या लोकांना वाचता येतं, एवढं त्यातून कळलं.

हां, सगळे पाहुणे तसे नसतात, आणि पर्र्याचे लोकही फोटोला नाही म्हणत नाहीत. फक्त बुंध्याशी नारळांचा ढीग दिसला की गाडी लांबच थांबवा आणि आधी वर बघा. पावसात झावळ्याही पडतात. डिसेंबरातल्या रविवारी मात्र जाऊच नका, माडांपेक्षा भावोजीच जास्त दिसतील.