देणं वेगळं, सोडणं वेगळं

"मॅडम, मुक्या जनावराची हाय लागते का हो?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी विचारलं. एप्रिलची दुपार होती, पारा चाळिशीच्या पुढे, आणि बाई सोलापूरच्या सात रस्ता चौकापासून चालत आल्या होत्या. झोप लागत नाही म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं होतं. झोपेचा विषय मात्र निघाला पंधरा मिनिटांनी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.)

घरी साडेसहा वर्षांचा लॅब्रॅडॉर. सासऱ्यांनी हौसेने आणलेला. तेव्हा पूर्व भागात स्वतःचं घर होतं, पुढे अंगण, मागे यंत्रमाग. मग माग बंद पडले, सासरे गेले, घर विकून भावाभावांत वाटण्या झाल्या. आता तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या, लिफ्ट नाही. नवरा टॉवेलच्या कारखान्यात, या स्वतः कापड दुकानात दहा ते आठ. त्यात सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या वॉकर घेऊन उठल्या की तीस किलोचा हा गडी लाडाने वॉकरमध्येच घुसतो. दोनदा पडता पडता वाचल्या होत्या.

कुत्र्याचं आता काय करायचं, यावर सल्ले द्यायला माणसं कमी नव्हतीच. नणंद म्हणाली, जीव लावलाय तर शेवटपर्यंत सांभाळायचा, पोटच्या पोराला देतं का कुणी? चुलत दीर म्हणाला, हायवेला ढाब्यापाशी सोडून ये, खरकटं मिळतं, जगेल. आणि सासूबाई, ज्यांच्यासाठी हा सगळा विचार चालला होता, त्या भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या, हाय लागेल.

इथे माझीही एक चूक सांगते. माझ्या घरी मांजर आहे, आणि पहिल्या भेटीत मी नकळत नणंदेच्या बाजूने झुकले. फिरवायला एखादा मुलगा ठेवता येईल का, दुपारी शेजारी कुणी बघेल का, असं विचारत सुटले. असे प्रश्न विचारायला हवेतच, कारण भुंकणं, चपला फाडणं, कंटाळा या गोष्टींवर बरेचदा इलाज निघतो आणि कुत्रा घरातच राहतो. पण बाईंनी ते सगळं करून पाहिलं होतं. फिरवणारा मुलगा महिनाभर आला आणि बारावीचे क्लास लागले म्हणून बंद झाला. माझे प्रश्न संपेपर्यंत त्यांचे खांदे आणखी खाली आले होते.

म्हणून दुसऱ्या वेळी एकच काम दिलं. ठेवायचा की द्यायचा, हे बाजूला ठेवा. त्याचा एक दिवस लिहून आणा. तुमचा नाही, त्याचा.

मुलीच्या गणिताच्या वहीचं मागचं पान फाडून आणलं होतं. पहाटे साडेपाच ते सहा, खाली. सहा ते दहा, खोलीत, पायात येतो म्हणून ओरडा. दहा ते रात्री साडेआठ, गॅलरीत, गजाला बांधून. पुढे कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "दुपारी ऊन सरकतं तसा तो सरकतो." कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पश्चिमेची गॅलरी आणि सोलापूरचा उन्हाळा म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ते वाक्य त्यांनी स्वतःच दोनदा वाचलं आणि पाण्याचा ग्लास मागितला.

पुढच्या वेळी नवरा बरोबर आला. अर्धा तास गप्पच. मग एकदम म्हणाला, "बाबांचं एवढंच राहिलंय आमच्याकडे. माग भंगारात गेले, घर गेलं. आता हा पण द्यायचा?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. दीड वर्षात हे वाक्य घरात कुणी बोललेलं नव्हतं. आम्ही त्या दिवशी कुत्र्याचं बोललोच नाही.

निर्णय त्यानंतर आठवडाभराने त्यांनी घरीच घेतला. मी फक्त एका शब्दावर अडून बसले. दोघंही "सोडायचा" म्हणत होते. मी म्हटलं, सोडायचा नाही, द्यायचा. कुत्रा उपाशीतापाशी मरेल अशा जागी टाकून येणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे चहा-नाश्त्याचा खर्च, त्यामुळे त्याची भीती कुणाला वाटत नाही ती गोष्ट वेगळी. पण घरात वाढलेल्या कुत्र्याला उकिरड्यावरची भांडणं येत नाहीत, गाड्या कळत नाहीत. ढाब्यावर सोडलेला जगेलच, ही सोडणाऱ्याने स्वतःची काढलेली समजूत असते.

द्यायला तीन महिने लागले. "फुकट द्यायचा आहे" असं कुठेही लिहू नका, हे मी आवर्जून सांगितलं, कारण जातिवंत कुत्रा फुकट म्हटला की पिल्लांच्या धंद्यासाठी नेणारेही येतात. त्याची नसबंदी आधीच झाली होती, ते बरं होतं. एका कुटुंबाला शेतात राखणीला, साखळीवर हवा होता. यांनी नाही म्हटलं. शेवटी शहराच्या 'जुळे सोलापूर' भागातलं एक निवृत्त जोडपं मिळालं. तळमजला, अंगणात कडुनिंब, आधीचा कुत्रा म्हातारा होऊन गेलेला. हे दोघं आधी दोनदा त्यांचं घर बघून आले. रेबीजच्या लसीचं कार्ड दिलं, आणि नाही जमलं तर कुणा तिसऱ्याला न देता आधी आम्हाला फोन, हे कबूल करून घेतलं.

मग बाईंच्या लक्षात आलं की कुत्र्याला मराठी येत नाही. घरात सगळं तेलुगू. त्यांनी कागदावर लिहून दिलं: रा म्हणजे ये, कूर्चो म्हणजे बस. खाली: कुकरच्या शिट्टीला घाबरतो. बरोबर सासऱ्यांची जुनी चादर, न धुता.

पहिले दोन दिवस तो जेवला नाही. बाईंचा मला फोन, आणू का परत? तोंडचं पाणी पळालं होतं. मी म्हटलं, पाणी पितोय ना? मग थांबा. आणखी एक दिवस काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना दाखवायला सांगा, पण तुम्ही जाऊ नका. तिसऱ्या रात्री त्याने अर्धी भाकरी खाल्ली.

भेटायला त्या गेल्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेनंतर, सासूबाईंना रिक्षात घालून. त्याने सगळ्यांचे हात चाटले, वॉकर हुंगला, अंगणभर नुसता धुमाकूळ. मग काकांनी ओट्यावरून हाक मारली, "रा!" उच्चार पार मराठी. तो यांना सोडून धावत गेला आणि त्यांच्या पायाशी बसला.

"मला आनंद व्हायला पाहिजे होता ना, मॅडम?"

"नाही झाला?"

"राग आला. तो शब्द आमचा होता." आणि बोलता बोलता त्यांना हसू आलं. "सासूबाई मात्र रिक्षात म्हणाल्या, काय पण तेलुगू त्या माणसाचं!"