सीसीडी बदलताय? आधी निविदेतल्या ओळी बघा

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्याकडचेच दिवस आठवले. दुर्बिणीच्या मागच्या टोकाशी, कॅसिग्रेन फोकसला, जुना स्पेक्ट्रोग्राफ (प्रकाशाचा वर्णपट पाडणारं यंत्र), त्यातला सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप) थकलेला, कॅल्शियम ट्रिपलेटसाठी (वर्णपटातल्या कॅल्शियमच्या तीन रेषा) लाल बाजू चांगली हवी, आणि कोणता कॅमेरा घ्यावा हा तुमचा प्रश्न. कूलिंग, व्हॅक्यूम वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही.

‘बॅक-इल्युमिनेटेड’ (मागच्या बाजूने प्रकाश घेणारा) एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नका. नेहमीच्या पातळ चिपची जाडी साधारण १५ मायक्रॉन. ८५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तेवढ्या सिलिकॉनमध्ये पुरता शोषला जात नाही, आतल्या आत परावर्तित होत राहतो आणि स्पेक्ट्रमवर फ्रिंजेसच्या, म्हणजे उजळ-मंद पट्ट्यांच्या, लाटा उमटतात. ट्रिपलेटच्या तिन्ही रेषा (८४९.८, ८५४.२, ८६६.२) नेमक्या त्यात सापडतात. यावर उपाय जाड, डीप डिप्लिशन चिप (खोलवर शोषलेला प्रकाशही नीट टिपणारी). सुबारू दुर्बिणीच्या सुप्राइम-कॅम कॅमेऱ्यात २००८ साली जुने सीसीडी काढून हामामात्सू कंपनीचे २०० मायक्रॉन जाडीचे बसवले आणि लाल बाजूची संवेदनशीलता चांगलीच वाढली. जाड चिपवर वैश्विक किरणांचे डाग जास्त पडतात, म्हणून लांब एक्स्पोजर तुकड्यांत घ्यावं लागतं. ते परवडतं.

आमचं घोडं अडलं ते खरेदी विभागात. तपशिलात आम्ही ‘डीप डिप्लिशन’ स्पष्ट लिहिलं होतं. ‘ही अट एकाच पुरवठादाराच्या सोयीची वाटते’ असा शेरा मारून त्यांनी ती ओळ परस्पर काढली. निविदेत उरलं ‘बॅक-इल्युमिनेटेड सीसीडी कॅमेरा, नग १’. सर्वांत कमी दराचा आला, अर्थातच पातळ चिपचा. तक्रारीवर उत्तर: ‘माल निविदेप्रमाणे आहे.’ दिवसा घेतलेल्या फ्लॅटने (एकसारख्या उजेडाच्या फ्रेमने) भागून या फ्रिंजेस जात नाहीत, कारण दुर्बीण वळली की स्पेक्ट्रोग्राफ किंचित लवतो आणि फ्रिंजेस सरकतात. मग दर ताऱ्यामागे, दुर्बीण न हलवता, लगेच हॅलोजन फ्लॅट. स्वच्छ आकाशाचे तास असे दिव्यासमोर जातात. ओळ खोडणाऱ्याला याची झळ लागत नाही, याचा मला अजूनही संताप येतो.

म्हणून माझं ठाम मत: तंत्राच्या नावासोबत मोजता येणारे आकडे लिहाच. ८५० नॅनोमीटरला फ्रिंजिंग जास्तीत जास्त किती, ९०० ला क्वांटम एफिशियन्सी (आलेल्या प्रकाशापैकी टिपला जाणारा भाग) कमीत कमी किती, रीड नॉइज (चिप वाचताना मिसळणारा गोंगाट) किती. निविदा निघण्यापूर्वी अंतिम मसुद्यावर तुमची सही लागेल असं लेखी घ्या. शेवटचा हप्ता तुमच्या चाचणीनंतरच सुटावा. दोन बायस फ्रेम (शून्य एक्स्पोजरच्या) एकमेकींतून वजा करा, प्रमाण विचलनाला √२ ने भागा, गेनने (दर काउंटमागे किती इलेक्ट्रॉन) गुणा, की रीड नॉइज इलेक्ट्रॉनमध्ये हाती येतो. फ्लॅटच्या जोड्यांवरून गेनही काढता येतो. (हे सगळं ऑप्टिकलपुरतं आणि लहान दुर्बिणीच्या अनुभवावरून. इन्फ्रारेडवर मी काम केलेलं नाही. शिवाय खरेदीचे नियम संस्थेगणिक बदलतात.)

आणखी एक. जुन्या ड्युअरची (चिप थंड ठेवणाऱ्या निर्वात भांड्याची) खिडकी सपाट आहे का, तपासा. कित्येक जुन्या स्पेक्ट्रोग्राफमध्ये ती खिडकी म्हणजेच फील्ड फ्लॅटनर, म्हणजे वक्र प्रतिमा चिपवर सपाट करणारं, भिंग असतं. सपाट खिडकीचा नवा कॅमेरा लावला की मधल्या रेषा धारदार आणि कडेच्या फिसकटलेल्या दिसतात. पिक्सेल २४ वरून १३.५ मायक्रॉनवर जाणार असतील, तर ऑन-चिप बिनिंगचंही (शेजारचे पिक्सेल चिपवरच एकत्र करून वाचण्याचं) विचारून ठेवा, नाहीतर तोच प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरून रीड नॉइज वाढतो.

मसुदा पाठवलात तर आकडे बघून सांगतो.